एक डबा विरुद्ध सात गाड्या

रेल्वेच्या जुन्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. त्यातले चार रिकामे सोडा आणि उरलेल्यांवर ६८ माणसं बसवा. हा झाला एक पक्ष. आता समोरच्या रुळावर एक गाडी आणा. बावीस डबे, सगळे स्लीपर, एकही बर्थ रिकामा नाही. तिच्यामागे तशीच दुसरी आणा. मग तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सातवी. सात गाड्यांचे मिळून डबे होतात १५४ आणि माणसं ११,०८८. हा झाला दुसरा पक्ष. या सात गाड्यांमधली सगळी माणसं खाली उतरली, त्या एकट्या डब्याला गराडा घातला आणि आठवडाभर त्याच्यावर गोळ्या झाडत राहिली. डब्यातले किती मेले असतील?

शून्य. एक जण जखमी झाला. बस्स.

ही काल्पनिक शर्यत नाही. २७ जुलै ते ३ ऑगस्ट १८५७ या दिवसांत बिहारमधल्या आरा या गावी हे खरोखर घडलं. सत्तावन्नच्या उठावात दिल्ली, कानपूर, लखनौ, झाशी ही मोठी नावं. आरा त्यांच्यापुढे चिल्लर. शाळेच्या पुस्तकात बाबू कुंवरसिंहांच्या नावापुढे अर्धं वाक्य येतं आणि पुढचा धडा सुरू होतो. पण आकड्यांचा नाद असलेल्या माणसाने या अर्ध्या वाक्यात डोकं घालून बघावं, ते सहजासहजी बाहेर निघत नाही.

सुरुवातच बघा कशी होते. एका तांब्याच्या टोपीपासून! पाटण्याजवळ दानापूरला कंपनीच्या देशी पायदळाच्या तीन पलटणी होत्या: ७ वी, ८ वी आणि ४० वी. बंदुकीच्या घोड्याखाली एक बारकीशी टोपी बसवत. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तिच्यावर घोडा आपटला की ठिणगी, ठिणगी पडली की बार. टोपी नसेल तर बंदूक म्हणजे महागातली काठी. २५ जुलैला जनरल लॉईडने हुकूम सोडला की शिपायांजवळच्या टोप्या काढून घ्या. शिपाई बिथरले, बंदुका घेऊन निघाले आणि सोन नदी उतरून आऱ्याच्या वाटेला लागले. अडीच ते तीन हजार माणूस. दानापूर ते आरा अंतर सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघालात तर वडगाव मावळ गाठून थोडं पुढे. (वडगावला १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना कोंडून शरण आणलं होतं. तिकडे काही हे शिपाई गेले नव्हते, पण अंतर मोजताना मराठी माणसाला ते आठवणारच.) आऱ्यात त्यांना जगदीशपूरचे जमीनदार बाबू कुंवरसिंह येऊन मिळाले. त्यांच्याबरोबरची माणसं अंदाजे ८,०००. तीन आणि आठ, अकरा हजार. आपल्या सात गाड्या भरल्या.

आता डब्याकडे वळू. आऱ्यात तेव्हा व्हिकर्स बॉईल नावाचा रेल्वेचा इंजिनिअर राहत होता. आऱ्यात रेल्वे नव्हती, पण रेल्वेचा इंजिनिअर होता! हावड्याहून निघालेले रूळ १८५५ मध्ये राणीगंजपर्यंत आले होते, १२१ मैल. पुढची वाट बिहारमधून जायची होती आणि तिची मापं घेत हा गृहस्थ तिथे बसला होता. सोन नदीवर कोइलवरला पूल बांधायचं काम १८५६ मध्येच काढलेलं. तो पूल १,४४० मीटरचा, जवळजवळ दीड किलोमीटर! पुढची कित्येक वर्षं देशात त्याच्याएवढा लांब पूल नव्हता. सत्तावन्नच्या धामधुमीत काम रखडलं आणि पूल १८६२ मध्ये पुरा झाला. आपण इथे मुंबई-पुणे अंतर मोजपट्टीसारखं वापरणार आहोत खरं, पण त्या वेळी मुंबईहून पुण्याला सलग रेल्वेने जाताच येत नव्हतं. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला.

या बॉईलसाहेबांना दूरचं दिसत होतं. त्यांच्या बंगल्याच्या आवारात बिलियर्ड खेळायला बांधलेली एक दुमजली इमारत होती. गडबड सुरू झाल्यावर त्यांनी तिच्या खालच्या कमानी विटांनी बुजवून घेतल्या, बंदुकीची नळी जाईल एवढी भोकं ठेवली, दाणागोटा भरला, गच्चीवर वाळूची पोती रचली. गावातले इतर साहेब हसले असतील. इंजिनिअरला सगळीकडेच काही ना काही कोसळताना दिसतं, असं म्हणून सोडून दिलं असेल. पण २७ जुलैला हसणारे आणि न हसणारे सगळे त्याच इमारतीत घुसले. मॅजिस्ट्रेट हर्वाल्ड वेकसकट १८ नागरिक, आणि त्यांच्या जोडीला बंगाल मिलिटरी पोलिसांतले ५० शीख. एकूण ६८.

इमारत केवढी? पन्नास फूट बाय पन्नास फूट. एका मजल्याचं क्षेत्रफळ २,५०० चौरस फूट. पुण्यात आज दोन बऱ्यापैकी मोठे फ्लॅट त्यात बसतील. त्यात ६८ माणसं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३७ चौरस फूट. एकावर एक नव्हे, शेजारी शेजारी दोन सतरंज्या अंथरा. झालं तुमचं घर, झाली तुमची रणभूमी.

आणि इथेच या लढाईच्या गणिताची पहिली गाठ सुटते. घराच्या चार बाजू मिळून २०० फूट होतात. एका माणसाला दोन फूट जागा धरली तर भिंतीला चिकटून माणसं उभी राहतील किती? शंभर! अकरा हजारांतले शंभर पुढे आले की घराला माणसांची पूर्ण रिंग पडली. मग उरलेल्या १०,९०० जणांनी करायचं काय? आत ५० शीख चार बाजूंना वाटा. बाजूला साडेबारा. पन्नास फुटांना साडेबारा बंदुका म्हणजे दर चार फुटांवर एक नळी. हाताची दोन बोटं जातील एवढ्या भोकातून ती बाहेर बघतेय आणि समोर उघडं अंगण आहे. बाहेर एकाला १६० असा हिशेब आहे, पण एकशेसाठांतले एकशेएकोणसाठ मागे उभे राहून पुढच्याच्या पाठीकडे बघत आहेत. संख्या दांडगी, पण तिला उभं राहायला जागा हवी ना!

बाहेरच्यांनी म्हणून काय काय केलं नाही. त्यांच्याकडे दोन लहान तोफा होत्या, पण गोळे नव्हते. मग बॉईलसाहेबांच्याच बंगल्यातलं सामान कामी आलं. पियानोच्या आणि कोचांच्या पायांची चाकं काढून तोफेत भरली. विचार करा, ज्या घरमालकाने ती चाकं घरासाठी हौसेने आणली, त्याच्याच अंगावर ती तोफेच्या तोंडून परत येताहेत! बंगला या इमारतीपासून पन्नास-साठ यार्डांवर. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, ती तीनदा मांडायला जाल तर तिसरी अपुरी पडेल. इतक्या जवळून पियानोची चाकं घोंघावत येताहेत.

तोफांनी जमेना म्हणून मिरच्या आणल्या. भिंतीबाहेर ढीग रचून पेटवले. फोडणीत एक सुकी मिरची जास्त करपली तर आपल्या घरातली चार माणसं खोकत गॅलरीत पळतात. इथे ढीगच्या ढीग! तो खाट ६८ माणसांच्या नाकातोंडात जायचा आणि इमारत रिकामी व्हायची, असा बेत होता. वाऱ्याने ऐनवेळी पाठ फिरवली. मग मेलेले घोडे भिंतीजवळ आणून टाकले. श्रावणातली दमट हवा, वर ऊन, आणि फुगलेले घोडे. हे मी सविस्तर लिहीत नाही, तुम्ही जेवणाआधी वाचत असाल. त्यातूनही कुणी बाहेर पडलं नाही, तेव्हा जमिनीखालून सुरुंग खणायला घेतला. तो घराच्या पायापर्यंत पोचला होता!

आतल्यांचाही एक शत्रू आत होताच: तहान. पाणी सरत आलं. विहीर बाहेर अंगणात, अंगण गोळ्यांच्या टप्प्यात. मग शिखांनी तळमजल्यातच विहीर खणली. चार फूट रुंद, १८ फूट खोल, आणि लागले किती तास? बारा तासांच्या आत!

थांबा. हा आकडा असा गिळू नका, चावून खा. अठरा फूट म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तीन परस. बारा तासांत तीन परस, म्हणजे चार तासांत एक पुरुष उंचीचा खड्डा. चार फूट व्यासाची गोल विहीर धरली तर माती निघते सुमारे २२६ घनफूट. वाळू-मुरमाचा व्यवहार करणाऱ्याला विचारा, तो चटकन सांगेल: सव्वादोन ब्रास. ओल्या मातीचं वजन अकरा टनांच्या आसपास. एका घमेल्यात पंधरा किलो माती धरली तर ७३० घमेली. बारा तासांची मिनिटं किती? ७२०. मिनिटाला एक घमेलं! मिनिटाला एक घमेलं भरायचं, वर ओढायचं, रिकामं करायचं, खाली सोडायचं, आणि हे बारा तास. तेही चार फुटांच्या भोकात, जिथे एका वेळी एक माणूस जेमतेम वाकू शकतो. तेही बाहेरून गोळ्या चालू असताना. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात हे करून दाखवा म्हणावं, तिथे सुरुंगाशिवाय हातभर खाली जाता येत नाही. पण आरा गंगा आणि सोनच्या गाळावर बसलेलं. मऊ माती, पावसाळ्याचे दिवस, पाणी वर आलेलं. नशीब म्हणा, भूगोल म्हणा. तरी ते ७३० वं घमेलं ज्याने ओढलं असेल त्याच्या दंडांपुढे मी हात जोडतो.

पाणी मिळालं, आता मटणाची हौस. एका रात्री आतले काही जण गुपचूप बाहेर पडले आणि चार मेंढ्या हाकत परत आले. चार! आपल्या डब्यातले ते चार रिकामे बर्थ आठवतात ना? भरले.

या पन्नास शिखांना बाहेरून बोलावणंही येत होतं. बाहेरचे शिपाई काही परके नव्हते, कालपर्यंत त्याच कंपनीचे चाकर. त्यांनी सांगून पाठवलं: साहेबांना आमच्या हवाली करा, माणशी ५०० रुपये घ्या आणि चालते व्हा. पाचशे रुपये! आज त्यात दोघांचं जेवण होईल न होईल. पण तेव्हा कंपनीच्या पायदळ शिपायाचा पगार महिना ७ रुपये होता. पाचशेला सातने भागा: ७१ महिने. एका रात्रीत सहा वर्षांचा पगार! सोन्यात मोजायचं तर आणखी गंमत. कंपनी सरकारच्या हिशेबात सोन्याची एक मोहर १५ रुपयांना. पाचशेच्या ३३ मोहरा, त्यात शुद्ध सोनं साडेतीनशे ग्रॅमच्या वर. दहा ग्रॅमला एक लाखाचा भाव धरला तरी माणशी ३५ लाख रुपये. पन्नास जणांचे मिळून साडेसतरा कोटींच्या वर. दार आतून उघडायचं, बस एवढंच काम. कुणी उघडलं नाही. का उघडलं नाही यावर इतिहासकारांनी लिहायचं ते लिहावं. मला त्या भागाकाराचीच भुरळ पडली आहे. पन्नास गुणिले पाचशे, २५,००० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

आता यातली सगळ्यात अंगावर येणारी बेरीज. आत अडकलेल्यांना सोडवायला दानापूरहून कॅप्टन डनबार निघाला. बरोबर सुमारे ४१५ माणसं. जवळजवळ सहा डबे. २९ जुलैला आगबोटीतून आले, संध्याकाळी उतरले, उपाशीपोटीच चालायला लागले. चंद्र मावळला, अंधार पडला, आणि आऱ्याच्या वेशीजवळच्या आमराईत झाडांनी अचानक तोंडं उघडली. पांढऱ्या कपड्यातली फौज अंधारात कशी दिसत असेल? वाळत घातलेल्या धोतरांसारखी. डनबार तिथेच पडला. उरलेले रात्रभर एका जागी चेपून बसले आणि सकाळी मागे फिरले. नदीपर्यंतची सगळी वाट दोन्ही बाजूंनी गोळ्या खात. काठावर लावलेल्या होड्यांची छपरं पेटली. ४१५ पैकी मेलेले आणि जखमी मिळून सुमारे २९०. दहातले सात! सहा डबे गेले, त्यातल्या चार डब्यांएवढी माणसं मेली किंवा जखमी झाली. एका रात्रीत आणि एका सकाळी.

या पळापळीत रॉस मँगल्स नावाच्या एका सनदी अधिकाऱ्याने एका जखमी सोल्जरला पाठीवर घेतलं आणि सहा मैल चालला. सहा मैल म्हणजे साडेनऊ किलोमीटर, सीएसएमटीवरून निघून दादर ओलांडून पुढे. एक धडधाकट गडी पाठीवर, पायाखाली चिखल, मागून गोळ्या. दुसरा विल्यम मॅकडोनेल. त्याने भर गोळीबारात होडीचं बांधलेलं सुकाणू कापून मोकळं केलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या पदकाचा पसारा बघा: आजवर साडेतेराशेच्या आसपास दिली गेली, आणि त्यात सैनिक नसलेल्यांना मिळालेली अवघी पाच. पाचांतली दोन या एका पराभवात! ब्रिटिश साम्राज्य केवढं, त्याच्या लढाया किती, आणि नागरिकांच्या वाट्याला आलेल्या शौर्यपदकांचा चाळीस टक्के साठा आऱ्याच्या वाटेवरच्या एका नामुष्कीतून निघतो.

बरं, चारशेपंधरांचं हे झालं. म्हणजे पुढच्याने हजारभर तरी आणायला हवेत, नाही का? पुढचा आला तो २२५ घेऊन! निम्म्याहून थोडे जास्त. मेजर व्हिन्सेंट आयर, तोफखान्याचा माणूस, गंगेतून वर चालला होता. बक्सरला त्याला आऱ्याची बातमी कळली. जाऊ नकोस असा स्पष्ट हुकूम असताना तो गेला. तीन तोफा, ओढायला बैल, रस्ते चिखलाचे. बक्सर ते आरा सुमारे ७० किलोमीटर, पुण्याहून लोणावळ्याला जाऊन थोडं पुढे खंडाळ्यात डोकावण्याइतकं. पावसाळ्यात तोफा ओढत. २ ऑगस्टला गजराजगंजजवळ गाठ पडली. त्याच्या पायदळाकडे नव्या एन्फील्ड रायफली. तिच्या नेमपट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा असत. समोरच्यांच्या जुन्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकांचा नेम शंभर यार्डांपलीकडे देवाच्या भरवशावर. नळीच्या आत कोरलेल्या तीन रेघांनी एवढा फरक कसा पडतो ते बंदुका बनवणाऱ्यांना ठाऊक, आपण नऊपट अंतरावर बोट ठेवून पुढे जाऊ. शेवटी संगिनी लावून धाव घेतली आणि वाट मोकळी झाली. आयरची दोन माणसं मेली. दोन! आणि दुसऱ्या दिवशी तो आऱ्यात.

आता तीन आकडे शेजारी मांडा. ६८ पैकी एकही गेला नाही. ४१५ तले २९० मेले किंवा जखमी झाले. २२५ तले दोन गेले. कोणत्याही त्रैराशिकात हे बसवून दाखवा, मी पेढे वाटतो. जितके कमी तितके टिकले, जितके जास्त तितके मेले, असं वाटायला लागतं! अर्थात भिंत, अंधार आणि रायफल हे तीन शब्द मध्ये घातले की कोडं सुटतं. पण सुटेपर्यंत मजा आहे.

एक चिमटा मात्र काढायलाच हवा. हे सगळे नेमके आकडे एकाच बाजूचे आहेत. आतला प्रत्येक माणूस मोजलेला, जखमी एक तोही मोजलेला, मेंढ्यासुद्धा मोजलेल्या. बाहेरच्यांचे मात्र 'अंदाजे'. अंदाजे आठ हजार. वेढा घालणारा आपला विजय लिहितो तेव्हा शत्रू कमी दाखवतो, आणि वेढ्यातून सुटलेला लिहितो तेव्हा शत्रू फुगवतो, ही जगाची रीत. आठ हजारांतले निम्मे नुसते बघायला आलेले गावकरी असले तरी मला आश्चर्य वाटणार नाही. सात गाड्यांच्या पाच करा हवं तर. डब्यात बसलेल्यांना फरक पडणार नव्हता.

आणि बाहेरच्या बाजूचा एक आकडा असा, की त्याच्यापुढे आतले सगळे आकडे फिके पडावेत. कुंवरसिंहांचं वय! त्या वेळी ते पंचाहत्तरी ओलांडलेले, ऐंशीच्या घरात. सावरकरांचा सत्तावन्नवरचा ग्रंथ वाचलेल्या मराठी घरांत हे नाव नवीन नाही, पण वयाकडे एकदा नीट बघा. आपल्याकडे या वयात रेल्वेत खालचा बर्थ मिळावा म्हणून अर्ज करतात. हे आरा हातचं गेल्यावर, ऑगस्टमध्ये जगदीशपूरचा वाडा आयरने उद्ध्वस्त केल्यावर, घोड्यावर बसून निघाले. सासाराम, मिर्झापूर, रेवा, बांदा, काल्पी. कानपूरला तात्या टोप्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या फौजेत. तिथून लखनौ, तिथून आझमगढ, आणि गंगा ओलांडून पुन्हा जगदीशपूर. नकाशावर दोरा धरून मी हे अंतर मोजलं तर ते १,२०० किलोमीटरच्या पुढे जातं. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटर. म्हणजे सहाहून जास्त वेळा मुंबई-पुणे, घोड्यावरून, लढत, साधारण नऊ महिन्यांत, ऐंशीच्या उंबरठ्यावर! गंगा ओलांडताना हाताला गोळी लागली, तेव्हा तो हात स्वतःच्या तलवारीने तोडून त्यांनी गंगेला अर्पण केला असं बिहारमध्ये सांगतात. २३ एप्रिल १८५८ ला, घरी पोचल्या पोचल्या, त्यांनी इंग्रज अधिकारी ली ग्रँडच्या तुकडीला लोळवलं. तिच्यातल्या दीडशे गोऱ्यांपैकी शंभराच्या वर गेले, काही गोळीने, काही उन्हाने. आणि तीन दिवसांनी, २६ एप्रिलला, ते स्वतः गेले. आपल्या वाड्यात, आपल्या निशाणाखाली.

त्याच एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. किती? २५,००० रुपये! आला ना परत? आऱ्याच्या घरात पन्नास शिखांना मिळून देऊ केलेली रक्कम आणि कुंवरसिंहांच्या डोक्याची किंमत, दोन्ही एकच. शिपायाच्या पगाराने मोजली तर ३,५७१ महिने, जवळजवळ तीनशे वर्षं. ना त्या पन्नासांनी ते घेतले, ना कुणी या एका डोक्यावर ते कमावले.

इथे हुश्श म्हणू नका. आतापर्यंत आपण जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर होतो. सात रुपये, पाचशे रुपये, पंचवीस हजार रुपये. आता वर बघा. आऱ्यासारख्या शेकडो चकमकी, डझनावारी वेढे, विलायतेहून आणलेल्या पलटणी, त्यांचा दाणागोटा, दारूगोळा, आगबोटी. हा सगळा उठाव मोडायला खर्च आला सुमारे ४ कोटी पौंड. तेव्हाच्या दहा रुपयांना एक पौंड या हिशेबाने ४० कोटी रुपये. आणि ते बिल फाडलं कुणाच्या नावावर? हिंदुस्थानच्या! घराबाहेरचे अकरा हजार त्यात आले, आतले पन्नास शीख आले, विहिरीची माती आली आणि मिरच्या पिकवणारा शेतकरीही आला.

चाळीस कोटी म्हणजे किती, ते चांदीच्या रुपयांत बघू. एक रुपया एका तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. चाळीस कोटी रुपयांचं वजन ४,६०० टनांच्या वर! साठ टनी वाघिणी लावल्या तर ७७ भरून जातात आणि अठ्ठ्याहत्तरावी अर्धीअधिक भरते. नाणी रुळावर एकापुढे एक, काठाला काठ लावून मांडा. एक नाणं सुमारे तीन सेंटिमीटर. मुंबईहून सुरुवात केली तर लोणावळ्याला पोचेपर्यंत चाळीस-बेचाळीस लाख रुपये झाले, पुण्याला पोचेपर्यंत ६४ लाख. वळा, परत मुंबईला या. पुन्हा पुणे. पुन्हा मुंबई. अशा ६२ फेऱ्या करा, मग त्रेसष्टाव्या फेरीत अर्ध्या वाटेवर रुपये संपतील. बारा हजार किलोमीटर चांदी!

आणि दानापूरचा तो शिपाई, ज्याची हरभऱ्याएवढी टोपी मागितल्यामुळे हे सगळं इथवर आलं, त्याने ही रक्कम आपल्या पगारातून फेडायची ठरवली असती तर? महिना सात रुपये, वर्षाला ८४. मीठ-पिठाला एक पैसा न काढता, घरी एक दिडकी न पाठवता, सगळाच्या सगळा पगार भरायचा. चाळीस कोटी भागिले चौऱ्याऐंशी. सत्तेचाळीस लाख एकसष्ट हजार नऊशे चार वर्षं आणि वर काही महिने.

व्याज धरलेलं नाही.